दुसऱ्याचा हिशेब लिहिणारा

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्यावा, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेला आणि उभा जन्म मुलांना हातच्याची बेरीज शिकविण्यात घालविलेला माणूस. इतिहाससंशोधकांच्या पंक्तीला बसण्याचा माझा अधिकार नाही. तथापि राजांचा व लढायांचा इतिहास थोरामोठ्यांनी लिहून ठेविला आहे. मला ज्याच्याविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत त्याच्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. तो म्हणजे दुसऱ्याच्या कराचा हिशेब लिहिणारा माणूस.

हा विषय घेण्याचे कारण घरचेच आहे. आपल्या ज्ञातीत मागील पिढ्यांत दुकानदार, आडते आणि पेढ्यांवरचे दिवाणजी पुष्कळ होते. आज त्यांची नातवंडे सनदी लेखापाल झाली आहेत, तर काही करसल्लागार म्हणून तालुक्याच्या गावी पाटी लावून बसली आहेत. त्यांच्याकडे कागदांची पिशवी घेऊन जाणारेही बहुधा आपणच असतो. कोणी मामा, कोणी व्याही, तर कोणी मंडळाचे देणगीदार. कागद टेबलावर मांडून झाले की खुर्ची थोडी पुढे सरते, आवाज खाली येतो, आणि "तू घरचाच आहेस, जरा सांभाळून घे," हे वाक्य हमखास उच्चारले जाते. या वाक्यापुढे बसलेल्या माणसाची आजवरची वाटचाल कशी झाली, हे थोडक्यात पाहावयाचे आहे.

आपल्या मुलखात या माणसाचा पूर्वज शोधू गेल्यास तो गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरापाशी सापडतो. पाटलाने वसूल करावा आणि कुलकर्ण्याने लिहावे, अशी रीत होती. कोणाची जमीन किती, कोणाकडे बाकी किती, सूट कोणाला मिळाली, हे सारे त्याच्या कागदावर असे. रयतेला ते अक्षर वाचता येत नसे आणि दूर बसलेल्या सरकारला गावचे शिवार दिसत नसे. त्यामुळे दोन्ही पक्ष त्याच्या लेखणीवर अवलंबून राहत. ती लेखणी सरळ चालली तर गावाला आधार होई, वाकडी चालली तर गावाचा घात होई. महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात लेखणीच्या या सत्तेवर कठोर प्रहार केले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. जो कागद लिहितो त्याच्या हाती फार मोठी शक्ती असते, हा धडा आपल्या भूमीला प्राप्तिकर येण्यापूर्वीपासून ठाऊक होता.

उत्पन्नावरचा कर मात्र विलायतेहून आला. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारची तिजोरी खालावली, तेव्हा जेम्स विल्सन या अर्थपंडिताला मुद्दाम इकडे पाठविण्यात आले. 'इकॉनॉमिस्ट' हे प्रसिद्ध पत्र १८४३ साली काढणारा तोच हा गृहस्थ. त्याने १८६० साली हिंदुस्थानात प्राप्तिकर सुरू केला. वर्षाला २०० रुपयांखालील उत्पन्नास माफी, २०० ते ५०० रुपयांपर्यंत शेकडा २ आणि त्यापुढे शेकडा ४, असा दर होता. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी नव्या करांना इतका उघड विरोध केला की त्यांना स्वदेशी परत बोलाविण्यात आले. खुद्द विल्सन त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात कलकत्त्यास वारला, आणि पाच वर्षांच्या मुदतीचा तो कर १८६५ साली संपुष्टात आला.

त्यानंतर निरनिराळ्या नावांनी कर आले आणि गेले. अखेर १८८६ च्या कायद्याने प्राप्तिकराने या देशात कायमचे ठाण मांडले. या कायद्याने शेतीचे उत्पन्न करातून वगळले. ती सवलत नंतरच्या कायद्यांनीही चालू ठेविली, आणि करसल्लागाराच्या टेबलापाशी तिची आठवण वारंवार निघते. गावाकडे दोन एकर जिराईत असलेला गृहस्थ दुकानातला नफा "शेतीत दाखवा" असे सुचवितो, तेव्हा त्या उघड्या माळावर कागदोपत्री द्राक्षांचे मळे डोलू लागतात.

१८८६ च्या कायद्याखाली पुष्कळांच्या उत्पन्नाचा अंदाज कलेक्टरच्या कचेरीतच बांधला जाई. अंदाज सरकारचा असल्याने तक्रारही सरकारच्या नावानेच होई. पुढे १९१८ व १९२२ च्या कायद्यांनी विवरणपत्राचे महत्त्व वाढले. आपले उत्पन्न आपणच लिहून द्यावयाचे आणि ते खरे असल्याबद्दल खाली सही करावयाची, हा रिवाज रूढ झाला. वरवर पाहता बदल लहान होता, परंतु त्यामुळे खरे-खोटे करण्याचा प्रसंग कचेरीतून करदात्याच्या ओसरीवर आला. इंग्रजी नमुने भरणे सामान्य व्यापाऱ्याला जमण्यासारखे नव्हते. म्हणून ते भरून देणारा माणूस शोधणे भाग पडले, आणि अशा रीतीने आपला कथानायक रंगभूमीवर आला.

कायद्याने त्याची ओळख पटवून घेण्यास काही काळ घेतला. १९२२ च्या कायद्याचे ६१ वे कलम करदात्याच्या वतीने कोणी हजर राहावे याविषयी होते. १९३९ साली त्यात दुरुस्ती होऊन नातेवाईक, नोकर, वकील, हिशेबनीस आणि 'इन्कमटॅक्स प्रॅक्टिशनर' असे वर्ग ठरविण्यात आले. १ एप्रिल १९३८ पूर्वी जो दुसऱ्यासाठी प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे उभा राहिला असेल, त्यालाही या शेवटच्या वर्गात जागा मिळाली. म्हणजे कायद्याने नामकरण करण्यापूर्वीच हे बाळ चालू लागले होते. आणि नामकरणाबरोबरच बंधनही आले. प्राप्तिकराच्या कामात ज्याला अपराधाबद्दल शिक्षा झाली असेल, त्याचा दुसऱ्यासाठी उभे राहण्याचा हक्क जाऊ लागला.

इकडे हिशेबाची विद्याही शास्त्र म्हणून शिकविली जाऊ लागली होती. मुंबई सरकारने १९१८ साली हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू केली. १९३२ च्या सुमारास नोंदणी झालेल्या हिशेबनिसांची व्यवस्था लागली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली सनदी लेखापालांचा कायदा होऊन १ जुलै १९४९ रोजी त्यांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. मुंबईचे गोपाळदास कपाडिया हे तिचे पहिले अध्यक्ष. सभासदाने गैरवर्तन केल्यास त्याची चौकशी करून नाव कमी करण्याचा मार्गही या कायद्याने घालून दिला.

येथे एक पेच ध्यानात घ्यावा. न्यायाधीशाला सरकार पगार देते आणि वकिलाला पक्षकार देतो. दोघांचेही स्थान स्पष्ट आहे. विवरणपत्र लिहिणाऱ्याला मात्र मोबदला गिऱ्हाइकाकडून घ्यावयाचा असतो आणि खरेपणाची अपेक्षा सरकारने ठेवलेली असते. गिऱ्हाइकाला राखावे तर सचोटी जाते, सचोटी राखावी तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे जाते. आणि गिऱ्हाईक जर सोयरा असेल, तर त्याच्याबरोबर लग्नकार्यातले येणेजाणेही जाण्याची भीती.

या पेचातून वाट कशी काढावी याचे एक उत्तम उदाहरण महात्मा गांधींच्या चरित्रात आहे. ते १८९३ ते १९१४ या काळात दक्षिण आफ्रिकेत होते व तेथे वकिली करीत. पारशी रुस्तमजी हे दरबानचे व्यापारी त्यांचे पक्षकार, स्नेही आणि सार्वजनिक कामातले सहकारी होते. मुंबई व कलकत्त्याहून माल मागविताना ते पुष्कळ वेळा जकात चुकवीत, आणि ही एकच गोष्ट त्यांनी गांधीजींपासून लपवून ठेविली होती. चोरी उघडकीस आली, तुरुंगाचे भय उभे राहिले, तेव्हा ते डोळ्यांत पाणी आणून गांधीजींकडे आले. गांधीजींनी बचावाची युक्ती शोधली नाही. जे पकडले गेले नव्हते तेही कबूल करावे, दंड होईल तो भरावा, तुरुंग वाट्यास आला तर तोही सोसावा, असा सल्ला त्यांनी दिला. स्वतः जकात अधिकाऱ्यांना व सरकारी वकिलांना भेटून त्यांनी सर्व हकीकत उघड केली. कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट दंड भरून प्रकरण मिटले. रुस्तमजींनी ती सारी हकीकत लिहून, चौकटीत बसवून, वारसांना व व्यापारी बंधूंना आठवण राहावी म्हणून आपल्या पेढीत टांगली. सल्लागार स्नेही होता, म्हणूनच त्याला एवढे कठोर बोलता आले, ही गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे.

परंतु सर्वांना असा सल्लागार लाभत नाही, आणि काळही नेहमी अनुकूल नसतो. दुसऱ्या महायुद्धात टंचाई व काळाबाजार वाढला आणि हिशेबाबाहेरचा पैसा साठू लागला. जानेवारी १९४६ मध्ये सरकारने ५००, १,००० व १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. १९४७ साली करचुकवेगिरीच्या चौकशीसाठी कायद्याने एक आयोग नेमला. १९५१ साली, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, दडविलेले उत्पन्न आपण होऊन जाहीर करण्याची संधी देण्यात आली. १९५६ साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी आपल्या अहवालात, देशात दरसाल २०० ते ३०० कोटी रुपयांचा प्राप्तिकर बुडत असावा, असा अंदाज दिला. त्यानंतर कराचे दर चढतच गेले. १९७३-७४ साली २ लाख रुपयांवरील उत्पन्नावर अधिभारासह कराचा दर शेकडा ९७.७५ झाला होता. माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने १९७१ च्या अखेरीस दिलेल्या अहवालात, अशा जबर दरांनी चोरीलाच उत्तेजन मिळते असे बजावून, तो शेकडा ७५ वर आणण्याची शिफारस केली होती. पुढील वर्षी दर उतरविण्यात आले.

याच सुमाराची एक घरची आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेलच. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो. माझे वडील बाजारपेठेच्या एका गावी धान्याच्या आडतीवर दिवाणजी होते. सुटीत मी त्यांच्यापाशी बसून आकडे वाचून दाखवीत असे. त्या पेढीवर दोन वह्या होत्या. एक बाहेरची, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढलेला असे आणि दिवाळीत तिची पूजा होई. दुसरी आतली. तिच्यावर 'श्री' नसे आणि ती पूजेस कधी ठेवीत नसत. त्या वर्षी ज्वारी कोणत्या भावाने गेली, ते आतल्या वहीलाच ठाऊक होते.

दरवर्षी जिल्ह्याच्या गावाहून प्राप्तिकराचे वकील एस. टी. ने येत आणि दोन दिवस बसून हिशेब पाहत. दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात ते रोजकीर्द चाळीत असता तिच्या पानांतून पोत्यांच्या वजनाची एक चिठ्ठी खाली पडली. त्यांनी ती खतावणीशी ताडून पाहिली. नोंद मिळेना. मालक हसून म्हणाले, "ती आतली आहे." वकिलांनी वही मिटली, चहा शांतपणे संपविला आणि म्हणाले, "ही चिठ्ठी मी पाहिली नसती तर गोष्ट निराळी होती. आता पाहिली आहे. हा माल हिशेबात घ्या, नाहीतर वही परत घ्या." सरकारने शेकडा ९७ रुपये कर लावला तर व्यापाऱ्याने जगावे कसे, असे मालक म्हणू लागले. खरे पाहता, बाहेरच्या व आतल्या दोन्ही वह्या मिळूनही आमच्या मालकांना तो दर कधी लागला नसता. परंतु निमित्त म्हणून तो सर्वांच्याच उपयोगी पडे. अखेर मालकांनी वही परत घेतली. आठ दिवसांत दुसरे वकील मिळाले.

त्या मालकांना पुढे शासन झाले, असे सांगता आले असते तर गोष्ट गोड झाली असती. तसे काहीच झाले नाही. पेढी चालत राहिली. राहिले एवढेच की, आतली वही माझ्या वडिलांच्या हस्ताक्षरात होती. त्या संध्याकाळी घरी येताना मी त्यांना विचारले, वकील नाही म्हणाले, मग तुम्ही का लिहिता? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वकिलांना दुसरी गिऱ्हाइके आहेत. मला दुसरी पेढी नाही." चार मुलांच्या बापाचे ते उत्तर होते. त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. 'नाही' म्हणण्यासाठी माणसाच्या पाठीशी काहीतरी असावे लागते, एवढे मला त्या दिवशी समजले.

कायद्याने या लेखणीभोवतीचे कुंपण पुढे अधिकाधिक घट्ट केले. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात, खोटा हिशेब अथवा खोटे निवेदन करण्यास दुसऱ्याला साहाय्य वा प्रोत्साहन देणाऱ्यालाही सक्तमजुरीची शिक्षा सांगितली होती. १९८४ साली ठराविक मर्यादेपुढील उलाढालीच्या धंद्यांना सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घेणे सक्तीचे झाले. ही मर्यादा त्या वेळी ४० लाख रुपये होती. २०१७ साली, चुकीची माहिती देणारा अहवाल वा दाखला देणाऱ्या व्यावसायिकाला प्रत्येक दाखल्यामागे १०,००० रुपये दंडाची तरतूद झाली. संसदेने २०२५ साली संपूर्ण नवा प्राप्तिकर कायदा संमत केला व त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ हा दिवस ठरविला. प्रत्येक पावलाला सरकारने आपल्या नजरेचा थोडा भाग या माणसाकडे सोपविला. मात्र त्याचा मेहनताना द्यावयाचा तो गिऱ्हाइकानेच, हे काही बदलले नाही.

मेहनतान्याचा परिणाम लेखणीवर कसा होतो, हे दोन उदाहरणांवरून दिसेल. २००६ साली सरकारने पदवीधरांना शिकवून विवरणपत्रे भरून देणारे तयार करण्याची योजना काढली. तीत त्यांना मिळणारी रक्कम गिऱ्हाइकाने भरलेल्या कराच्या काही टक्क्यांनी ठरे. याच्या अगदी उलट प्रकार जुलै २०२५ मध्ये उघडकीस आला. खोटे घरभाडे, खोट्या देणग्या, खोटे आजारपण दाखवून परतावा मिळवून द्यावयाचा व त्यावर दलाली घ्यावयाची, असा धंदा काही विवरणपत्र लिहिणाऱ्यांनी मांडला होता. प्राप्तिकर खात्याने अनेक राज्यांत तपासणी केली, त्यांत महाराष्ट्रही होता. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपण होऊन मागे घेतल्याचे खात्याने त्या वेळी जाहीर केले. यावरून मोह नेहमी गिऱ्हाइकाकडूनच येतो असे नाही, हेही दिसून येते. आता बँकेचे व्याज, जमिनीची खरेदी, समभागांचे व्यवहार हे सारे खात्याला परस्पर कळते. परंतु ओळखीच्या माणसाने दिलेली भाड्याची कोरी पावती कोणत्याही यंत्राला सहज ओळखता येत नाही. तेथे अजून माणसाचीच गरज लागते.

हे मी अनुभवाने सांगतो, कारण तशी पावती घेऊन मी स्वतः गेलो होतो. राहत होतो वडिलांच्या घरात आणि भाडे म्हणून एक पैसा कोणाला देत नव्हतो. सहकाऱ्यांचे पाहून मीही एका नातलगाच्या सहीची पावती तयार केली. सहा-सात हजारांचा कर वाचणार होता. करसल्लागार माझाच जुना विद्यार्थी, ज्ञातीतलाच. त्याने पावती उलटसुलट पाहिली आणि नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, भाडे खरेच देत असाल तर आत्ता लिहितो. देत नसाल तर भविष्यनिर्वाह निधीत पैसे घाला, तेवढाच कर रीतसर वाचेल. ही पावती मात्र घरी न्या. हातचा लपविला तर आपण छडी मारीत होता." मला राग आला. मुलगा शिष्ट झाला, असे मी घरी येऊन सांगितले आणि दोन वर्षे त्याच्याकडे फिरकलो नाही. पुढे माझा राग निवळला व मी पुन्हा गेलो. त्याने त्या गोष्टीचा उच्चारही केला नाही. पण ती दोन वर्षे माझ्यासारखी आणखी किती गिऱ्हाइके त्याने गमावली असतील, हा विचार आजही मनाला बोचतो.

म्हणून ज्ञातिबांधवांपुढे एक विनंती ठेवतो. आपल्या वार्षिक मेळाव्यात परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा सत्कार होतो. त्यांत सनदी लेखापाल झालेले, करसल्लागाराच्या धंद्यात पडलेले तरुण-तरुणी असतात. त्यांना शाल व श्रीफळ देताना आपण टाळ्या वाजवितो आणि पुढच्याच जुलैत कागदांची पिशवी घेऊन "घरचाच आहेस" म्हणत त्यांच्यापुढे बसतो. कायद्याने त्यांच्या मागे शिक्षेचे भय ठेविले आहे. पाठबळ मात्र आपणच देऊ शकतो. माझ्या वडिलांपाशी ते नव्हते. ज्या कुटुंबाला यंदा करसल्लागार 'नाही' म्हणेल, त्याने पुढील वर्षीही त्याच्याकडेच जावे, आणि त्याच्या घरच्या कार्याला नेहमीप्रमाणे हजर राहावे. मंडळाच्या कोणत्याही ठरावाची याला गरज नाही. येत्या जुलैपासूनच आरंभ करता येईल.